पॅच मारला तरी रिपोर्ट लालच: ओपनएसएसएचचं ६३८७ परत परत का येतं

"साहेब, मागच्या महिन्यात तुम्ही पॅच मारला म्हटलं होतं न? मग हे लाल काऊन दिसून राहिलं?"

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याचा हा फोन मला चार महिन्यांत चौथ्यांदा आला. त्यांच्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीपासून एक बाहेरची संस्था दर महिन्याला सर्व्हर तपासते आणि पीडीएफ पाठवते. पीडीएफमध्ये सीव्हीई-२०२४-६३८७, म्हणजे दूरून मशीनमध्ये लॉगिन करायला लागणाऱ्या ओपनएसएसएचमधल्या एका सुरक्षा-छिद्राचा नंबर, आणि त्याच्यापुढे लाल चौकोन. आम्ही तो घालवायचो, पुढच्या महिन्यात तो हजर. कधी त्याच मशीनवर, कधी आदल्या महिन्यात जिथे नव्हता तिथे. आम्ही तर २०२४ च्या जुलैतच सगळीकडे अपडेट करून मोकळे झालो होतो.

आमचं धरमपेठेत दोन खोल्यांचं ऑफिस आहे. मी आणि दोन पोरं. व्यापारी, छापखाना, कोचिंग क्लास अशा लोकांची तीसेक मशीन आम्ही सांभाळतो. त्या चार महिन्यांत आम्हाला एक नाही, पाच वेगवेगळी कारणं सापडली, आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटत होतं की आता हे शेवटचं. तुमच्याकडेही हा आकडा परत परत येत असेल तर खालच्यापैकी काहीतरी लागू पडेल. कमांड मी फोनवर पोरांना सांगतो तशाच सांगतोय, टाइप तुम्ही करा.

हे छिद्र नेमकं काय आहे

१ जुलै २०२४, सोमवार. त्या दिवशी देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले, टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. आमच्या धंद्यातल्यांची बातमी वेगळी होती. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचच्या सर्व्हरमधलं, म्हणजे एसएसएचडीमधलं, एक छिद्र जाहीर केलं. नाव ठेवलं 'रिग्रेशन', म्हणजे बुजवलेली चूक परत येणं, स्पेलिंगमध्ये मधोमध एसएसएच घुसवून. नाव गमतीचं वाटलं तरी अगदी बरोबर आहे, कारण हे छिद्र नवं नव्हतंच. २००६ मध्ये ते एकदा सापडलं होतं, तेव्हा त्याचा नंबर होता सीव्हीई-२००६-५०५१. ४.४पी१ या आवृत्तीत ते बुजवलं. मग २०२० च्या ऑक्टोबरात लॉग लिहिण्याच्या कोडची साफसफाई करताना कुणीतरी एक अट काढून टाकली. ती अट तिथे का होती हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मार्च २०२१ मध्ये ८.५पी१ आली आणि तिच्यासोबत ते जुनं दुखणं परत जगभर पोचलं.

आता ते चालतं कसं. तुम्ही एसएसएचला जोडणी केली की एसएसएचडी एक गजर लावतो. १२० सेकंदांत तुमची ओळख पटली नाही तर गजर वाजतो आणि जोडणी तुटते. या मुदतीला लॉगिनग्रेसटाइम म्हणतात. गजर वाजला की एसएसएचडी हातातलं काम जिथल्या तिथे टाकून गजराच्या फंक्शनात शिरतो आणि तिथून लॉगमध्ये एक ओळ लिहायला सिसलॉगला बोलावतो. ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर हा सिसलॉग स्वतः मेमरी मागतो आणि सोडतो. गोची इथेच आहे.

इतवारीतला मुनीम डोळ्यांपुढे आणा. वहीत एका पानावरची शिल्लक खोडून तो दुसऱ्या पानावर ओढतोय. जुना आकडा खोडला, नवा अजून लिहायचाय, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मुनीम तसाच उठला, पण घंटेच्या कामासाठीही त्याला तीच वही लागते. अर्धवट खोडलेल्या पानावरच त्याने नवी नोंद केली. आता वहीतल्या बेरजेला काही अर्थ उरला नाही. घंटा नेमकी कधी वाजेल हे ज्याला बाहेरून जुळवता येतं, त्याला चुकीच्या पानावर स्वतःची नोंद करून घेता येते.

हे सगळं ओळख पटायच्या आधी घडतं. पासवर्ड नको, एसएसएचची चावीही नको. आणि कोडचा तो भाग रूटच्या, म्हणजे मशीनच्या पूर्ण मालकाच्या, हक्काने चालतो. म्हणून याची एवढी धास्ती.

धास्ती कितीची धरायची, तेही सांगतो. क्वालिसने ३२ बिटच्या लिनक्सवर हे करून दाखवलं. वेळ नेमकी जुळायला सरासरी दहा हजारांच्या आसपास प्रयत्न लागतात. दर १२० सेकंदांत १०० जोडण्या धरल्या तर साधारण तीन ते चार तास. त्यात मेमरीतला पत्ता निम्म्याच वेळा बरोबर लागतो, म्हणून रूटचा ताबा मिळेपर्यंत सरासरी सहा ते आठ तास. ६४ बिटवर त्यांनी तेव्हा पूर्ण हल्ला करून दाखवलेला नव्हता. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला याचा त्रासच नाही, कारण त्यांनी गजरातून बोलावता येईल असा सुरक्षित सिसलॉग २००१ मध्येच लिहून ठेवला होता.

३२ बिटची गोष्ट ध्यानात ठेवा. आम्ही ठेवली नव्हती.

आधी बघा, लाल खरंच लाल आहे का

८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांत हे छिद्र आहे. ४.४पी१ ते ८.५पी१ च्या आधीच्या आवृत्त्यांत नाही. म्हणजे लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू २०.०४ वरची ८.२पी१ आणि डेबियन ११ वरची ८.४पी१ यांना हा रोग झालाच नाही. आमच्या एका पोराने घाईघाईत २०.०४ चं मशीन आधी २२.०४ वर नेलं आणि अपडेट करायला रात्रीची वाट पाहिली. निरोगी माणसाला दवाखान्यात नेऊन आजार चिकटवून आणावा, तसं ते झालं.

ज्यांना रोग होता त्यांच्या दुरुस्त आवृत्त्या अशा. उबुंटू २२.०४ वर ८.९पी१-३उबुंटू०.१०, उबुंटू २४.०४ वर ९.६पी१-३उबुंटू१३.३, डेबियन १२ वर ९.२पी१-२+डेब१२यू३. यापुढची कुठलीही चालेल. आकडा ९.८ च्या खाली आहे म्हणून घाबरू नका. डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे मूळ आवृत्ती तीच ठेवतात आणि फक्त दुरुस्ती मागे आणून तिच्यात टाकतात.

आमचं पहिलं कारण इथेच निघालं. व्यापाऱ्याचं हिशोबाचं मशीन रेड हॅट घराण्यातल्या अल्मा लिनक्स ९ वर आहे. तिथे ८.७पी१ आहे आणि दुरुस्ती केव्हाच टाकलेली. पण बाहेरून जोडणी केली की ते मशीन आपली ओळख "ओपनएसएसएच ८.७" एवढीच सांगते. उबुंटू आणि डेबियन पॅकेजचा पूर्ण आकडा सांगतात, रेड हॅट घराण्यातली मशीन सांगत नाहीत. तपासणारं सॉफ्टवेअर बाहेर उभं राहून पाटी वाचतं. ८.७ दिसलं की लाल. आत शिरून पाहायची त्याची तयारीच नाही, आणि त्याला तो हक्क दिलेलाही नसतो.

अशा वेळी आरपीएमला, म्हणजे त्या घराण्याच्या पॅकेजच्या साधनाला, ओपनएसएसएचचा चेंजलॉग (बदलांची यादी) विचारा आणि त्यात ६३८७ शोधा. ओळ निघाली की ती आवृत्तीसकट तपासणाऱ्यांना पाठवा. त्याच चेंजलॉगमध्ये ६४०९ पण शोधा. आठवड्याभराने, ८ जुलै २०२४ ला, सोलर डिझायनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधकाने तसलंच एक छिद्र जाहीर केलं. रेड हॅटच्या स्वतःच्या एका जोडपॅचमुळे ते फक्त त्यांच्याच घराण्यात होतं, आणि ज्यांनी १ जुलैच्या गडबडीत एकदा अपडेट करून हात झटकले त्यांचं ते राहून गेलं.

पोरांना मी आणखी एक तपासणी शिकवली आहे. ती मला फार आवडते, कारण तिच्यात कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. उबुंटू किंवा डेबियनच्या मशीनला नेटकॅट या साध्या जोडणीच्या साधनाने बावीस नंबर पोर्टवर जोडणी करा आणि गप्प बसा. काही टाइप करू नका. दोन मिनिटांनी जोडणी तुटेल. आता त्या मशीनचा लॉग पाहा. "फेटल: टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन" अशी ओळ आली असेल तर गजराच्या फंक्शनातून अजून लॉग लिहिला जातोय, म्हणजे छिद्र शाबूत. मागे आणलेल्या दुरुस्तीत त्यांनी एवढंच केलंय की गजर वाजला तरी लॉग लिहायचा नाही. त्यामुळे दुरुस्त मशीनवर जोडणी तुटते आणि लॉग मुका राहतो. ९.८ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर ही कसोटी चालत नाही. तिथे ती ओळ परत दिसते, पण ती लिहितो बाहेर उभा असलेला मुख्य एसएसएचडी, आणि तो ती सुरक्षितपणे लिहितो.

परत येण्याची कारणं

बहुतेकांचा पहिला संशय असतो की अपडेटनंतर एसएसएचडी रिस्टार्ट केला नाही. करायलाच हवा, वाद नाही. पण एसएसएचडी प्रत्येक नव्या जोडणीसाठी डिस्कवरची फाइल नव्याने उचलून चालवतो, त्यामुळे नवी जोडणी बहुतेक वेळा नव्याच कोडवर चालते. आमचे दोन दिवस या संशयात गेले. हां, थेट ९.८ वर उडी मारत असाल तर मात्र रिस्टार्ट लगेच करा, नाहीतर जुना मुख्य प्रोग्राम नव्या तुकड्याशी बोलू शकत नाही आणि नवी जोडणीच मिळत नाही. आर्च लिनक्सवाल्यांनी तर तशी जाहीर सूचनाच काढली होती.

आमची बाकीची खरी कारणं वेगळीच होती.

त्यातलं पहिलं 'होल्ड', म्हणजे एखादं पॅकेज अपडेट होऊ नये म्हणून गोठवून ठेवणं. एका उबुंटू २२.०४ वर अपडेट रोज आपोआप व्हायचे, बाकी सगळं चकाचक, फक्त ओपनएसएसएच-सर्व्हर जुनं. उबुंटू-डेबियनचं अपडेटचं साधन एपीटी; त्याच्या एपीटी-मार्कला होल्डची यादी विचारली तर हे पॅकेज त्यात बसलेलं. पोराला विचारलं. म्हणाला, "भाऊ, मागं अपडेट करताना त्यानं विचारलं होतं का कॉन्फिग नवं टाकू का जुनं ठेवू. मी नवं म्हटलं. पोर्ट नंबर गेला, ज्यांना लॉगिनची परवानगी होती ती यादी गेली, आणि मी बाहेर. वाडीच्या गोडाऊनपर्यंत गाडी काढून जा लागलं. मंग म्हटलं हे परत नकोच, होल्ड करून टाकू."

मी त्याच्यावर ओरडलो नाही. त्या उन्हात वाडीपर्यंत गाडी हाकावी लागली असती तर मीही तेच केलं असतं. इलाज असा: आपले बदल मूळ एसएसएचडी-कॉन्फिग फाइलमध्ये करायचेच नाहीत. एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरमध्ये स्वतःची छोटी फाइल ठेवायची. मग अपडेट प्रश्नच विचारत नाही आणि होल्डची गरज उरत नाही.

दुसरं कारण टेम्प्लेट. नवं मशीन हवं असलं की आम्ही एका मूळ प्रतीवरून क्लोन काढतो. चालू मशीन आम्ही २०२४ च्या जुलैत दुरुस्त केली, मूळ प्रतीला कुणी हात लावला नाही, कारण ती बंद असते. बंद मशीन अपडेट होत नाही. मार्चमध्ये कोचिंग क्लासच्या प्रवेशासाठी दोन नवी मशीन काढली आणि ती रोगासकट जन्मली. मे महिन्यात याचाच दुसरा प्रकार झाला. नवतपा चालू होता, वीज गेली, यूपीएसने दम टाकला आणि एका मशीनची डिस्क बिघडली. आम्ही स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची जपून ठेवलेली जुनी प्रत, परत आणला, ग्राहकाचं काम तासाभरात सुरू झालं, त्याने चहा पाजला. स्नॅपशॉट २०२४ च्या जूनचा होता. डेटा रोजच्या बॅकअपमधून आला, पण एसएसएचडी जूनचाच राहिला.

जाता जाता, तेव्हाच असंही कळलं की पाच क्लोनांची एसएसएच होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणारी चावी, एकच आहे. एका मशीनची की फुटली तर पाचही मशीनची सोंगं घेता येतील. टेम्प्लेट बंद करण्याआधी होस्ट की पुसून टाका आणि क्लोन पहिल्यांदा चालू होईल तेव्हा नव्या बनवायला लावा. याचा ६३८७ शी काही संबंध नाही, पण सापडलं ते सांगितलं.

तिसरं कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत स्वतःच्या सॉफ्टवेअरसकट चालणारा वेगळा डबा, आणि खरा डोकेदुखीचा प्रकार हाच. छापखान्याचे ग्राहक एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचवरूनच फाइल पाठवायच्या सोयीने, डिझाइनच्या फाइली टाकतात. ते एसएफटीपी एका कंटेनरात चालतं, पोर्ट २२२२. बाहेरचं मशीन उबुंटू, एकदम स्वच्छ. कंटेनरच्या आत डेबियन १२ आणि त्यात जुनी ९.२. बाहेर एपीटी कितीही चालवा, आतल्या एसएसएचडीला त्याचं काही सोयरसुतक नाही. मार्चच्या रिपोर्टनंतर पोराने कंटेनरात शिरून अपडेट केलं. गप्प जोडणीची कसोटी घेतली, पास. मग एप्रिलमध्ये कुणीतरी कंटेनर खाली उतरवून परत चढवला. कंटेनर इमेजवरून, म्हणजे साच्यावरून, नव्याने बनतो, आत शिरून केलेलं काम त्याच्याबरोबर जातं. एप्रिलचा रिपोर्ट लाल. मग त्याने इमेज नव्याने बांधली, तरी लालच. कारण बांधताना एपीटीचा जुना थर कॅशमधून उचलला गेला. शेवटी मूळ डेबियन इमेज नव्याने ओढून, कॅश न वापरता बांधली, तेव्हा ते थांबलं. आता दर रविवारी रात्री इमेज अशीच नव्याने बांधली जाते.

तात्पुरता उपाय कायमचा झाला की

जुलै २०२४ मध्ये ज्यांना लगेच अपडेट करता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक तात्पुरता उपाय सांगितला होता: लॉगिनग्रेसटाइम शून्य करा. शून्य म्हणजे गजरच नाही, आणि गजर नाही तर छिद्र नाही. सांगताना सोबत धोकाही सांगितला होता, तो कुणी वाचत नाही. गजर नसला की ओळख न पटवता गप्प बसलेली जोडणी कधीच तुटत नाही. दिवसभर येणारे बॉट येतात, बसतात आणि उठत नाहीत. ओळख न पटलेल्या जोडण्यांची मर्यादा मॅक्सस्टार्टअप्स ठरवतं. तिथे मुळात १०:३०:१०० असतं. म्हणजे अशा दहा जोडण्या झाल्या की नवी जोडणी नाकारायची शक्यता तीस टक्के, पुढे ती वाढत जाते, आणि शंभरावर सगळ्यांनाच दार बंद.

आमच्याकडे याची लक्षणं अशी दिसली. छापखान्याच्या मशीनवर सोमवारी लॉगिन सुरळीत, बुधवारी तीनदा प्रयत्न केल्यावर एकदा होतं, शुक्रवारी होतच नाही. समोर "केईएक्स एक्सचेंज आयडेंटिफिकेशन: कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट" अशी ओळ. रिस्टार्ट केलं की परत सुरळीत, आठवडाभर. दोन महिने आम्ही याला इंटरनेटचा दोष देत होतो. फायबरवाल्याला मी जे काही बोललो त्याची आता लाज वाटते. लॉगमध्ये "बिगिनिंग मॅक्सस्टार्टअप्स थ्रॉटलिंग" दिसलं तेव्हा ट्यूब पेटली.

मग मूळ कॉन्फिगमध्ये लॉगिनग्रेसटाइम परत १२० केला, रिस्टार्ट केलं, आणि शुक्रवारी परत तेच. एसएसएचडीत एखादी सेटिंग दोनदा असेल तर पहिली दिसलेली धरतात. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये डॉट-डी फोल्डर आत ओढणारी ओळ अगदी वर असते, म्हणून त्या फोल्डरातलं जिंकतं. आमचा शून्य तिथे बसला होता. मीच ठेवला होता तो, फाइलचं नाव "तात्पुरतं". म्हणून फाइल वाचत बसू नका. रूट होऊन एसएसएचडीला मोठ्या टी चा पर्याय देऊन चालवा. प्रत्यक्षात कुठली सेटिंग लागू आहे ते तो सगळं छापून दाखवतो. त्यात लॉगिनग्रेसटाइम शोधा. अपडेट झालेलं असेल तर शून्य काढा.

९.८ च्या पुढे गेल्यावरचे दोन त्रास

थोडक्यात सांगतो. ९.८ मध्ये एसएसएचडीचे दोन तुकडे केले: दारावर बसणारा एसएसएचडी आणि प्रत्येक जोडणी सांभाळणारा एसएसएचडी-सेशन. त्यामुळे लॉगमधल्या बऱ्याच ओळींवर आता एसएसएचडी-सेशन असं नाव येतं. आमचा फेल२बॅनचा (लॉग पाहून हल्लेखोरांचे पत्ते अडवणारा प्रोग्राम) फिल्टर हाताने लिहिलेला होता आणि तो फक्त जुनं नाव शोधायचा. नवीन मशीनवर तो महिनाभर एकालाही पकडेना आणि आम्ही खुश, की वा, हल्ले बंद झाले. फिल्टरमध्ये दोन्ही नावं घाला.

दुसरं म्हणजे पर-सोर्स-पेनल्टीज. ही सोय ९.८ पासून आपोआप चालू असते. एका पत्त्यावरून परत परत चुकीचे पासवर्ड आले किंवा मुदत संपेपर्यंत गप्प जोडण्या आल्या की तो पत्ता थोडा वेळ बंद होतो. चांगली गोष्ट आहे, बंद करू नका. पण ज्या ऑफिसातली वीस माणसं एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, तिथे एकाने जुना पासवर्ड सेव्ह करून ठेवला की शिक्षा सगळ्यांना. त्या ऑफिसाचा पत्ता सवलतीच्या यादीत टाका, आणि तो सेव्ह केलेला पासवर्डही शोधून काढा.

जे रिपोर्टात नव्हतंच

मेच्या शेवटी, अल्माची सोडून एकदाची बाकी सगळी लाल चौकटं विझल्यावर, मी पोरांना म्हटलं की आता ग्राहकाने दिलेल्या यादीकडे पाहू नका. राउटरकडे पाहा. बाहेरून आत येणारी प्रत्येक वाट लिहून काढा.

कळमना बाजाराजवळ त्याच व्यापाऱ्याचा एक वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढतो, वजन एका जुन्या संगणकात जातं आणि पावती निघते. हा संगणक इतका जुना की त्यावर ३२ बिटचंच काही चालतं. काटा बसवणाऱ्याने त्यावर डेबियन १२ टाकलं होतं. दूरून दुरुस्ती करता यावी म्हणून राउटरवरून बावीस नंबर उघडून ठेवला होता. तपासणीच्या यादीत हा पत्ता नव्हता, कारण व्यापाऱ्याच्या लेखी तो "सर्व्हर" नव्हता, काटा होता.

मी तिथे बसून एपीटी अपडेट चालवलं. त्याने सांगितलं, सगळं अद्ययावत आहे. आवृत्ती विचारली तर ९.२पी१-२+डेब१२यू२. दुरुस्तीच्या बरोबर एक पायरी खाली, आणि क्वालिसने ३२ बिटवर ज्यांच्यावर हल्ला करून दाखवला त्यांतली एक नेमकी हीच. अपडेट कुठून आणायचे त्याची यादी, सोर्सेस-लिस्ट, उघडली. त्यात एकच ओळ, डीव्हीडीची. बसवताना तिथे इंटरनेट नव्हतं, म्हणून इंस्टॉलरने डीव्हीडीवरच समाधान मानलं. तेव्हापासून दर वेळी एपीटी त्या डीव्हीडीकडे बघून सांगत होतं की नवीन काही नाही. खोटं नव्हतं बोलत ते.

चार महिने आम्ही ज्या अल्माच्या मशीनसाठी पत्रव्यवहार करत होतो तिला काहीच धोका नव्हता, आणि सहा-आठ तासांत खरंच फुटू शकेल असं मशीन इथे ट्रक मोजत बसलं होतं.

त्याचा लॉग पाहिला. टाइमआउटच्या ओळी होत्या, पण तुरळक, वेगवेगळ्या पत्त्यांवरून. या छिद्रावर हल्ला होतो तेव्हा अशा ओळींचा ढीग पडतो, हजारोंनी. तसा ढीग नव्हता. पण लॉग जेमतेम चार आठवड्यांचा होता, त्याआधीचा पुसला गेलेला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, काट्यावर ते कुणाच्या डोक्यात येणार? जे दिसत नाही त्यावर भरवसा ठेवायला मी तयार नव्हतो. राउटरवरचं पोर्ट तिथल्या तिथे बंद केलं. रात्री काट्याचं सॉफ्टवेअर आणि सेटिंग काढून घेतली, डिस्क पुसली, डेबियन नव्याने टाकलं, या वेळी सोर्सेस-लिस्टमध्ये सुरक्षेची रेपो घालून. सगळे पासवर्ड बदलले. आता दूरून यायचं तर आधी वायरगार्ड या व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यावं लागतं. काटा बसवणारा थोडा कुरकुरला, मग त्यालाही ते सोयीचं वाटलं.

पहाटे साडेपाचला पहिला ट्रक काट्यावर चढला. पावती नीट निघाली, फक्त तारखेचा फॉरमॅट अमेरिकन झाला होता. हमालांनी ते माझ्याआधी पाहिलं.

जूनचा रिपोर्ट आला आहे. एकच लाल चौकट आहे, अल्माची. चेंजलॉगची ओळ मी पाचव्यांदा पाठवली, या वेळी ६४०९ ची पण जोडली. उत्तर यायचंय.